पान एकशे बारा

फॉर्म यंदाही आला आहे, निळ्या चौकटींचा.
'गेल्या वर्षभरातील व्यावसायिक विकास.
तपशील लिहा. पुरावे जोडा.'

लिहिलं : चौदा दिवसांचा उजळणी वर्ग.
एप्रिल होता. केगावच्या माझ्या खोलीत
पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता
आणि पडद्यावर मोहालीहून कुणी सद्गृहस्थ
नेतृत्वाच्या सात पायऱ्या समजावत होते.
चौथ्या पायरीला मी कॅमेरा बंद करून
शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली.
प्रमाणपत्र आलं, आडनावात एक अक्षर जास्तीचं.
जोडलं.

चौकटीत अजून दोन ओळी उरतात
आणि मला आठवतात म्याकलबाई.

विडी घरकुलातली शाळा. चार खोल्या, एक व्हरांडा.
मी निरीक्षणाला गेलेली, हातात पडताळा सूची,
एकवीस वर्षं मुख्याध्यापकांना
मुख्याध्यापकपण शिकवणारी मी.
पाचवीची अर्धी बाकं रिकामी.
सूचीवर खूण केली, सवयीनं.
बाईंनी खूण पाहिली. बोलल्या काही नाहीत.
खणातून एक दुरेघी वही काढली.

वहीत तारखा, तारखेपुढे गल्ली, गल्लीपुढे वेळ.
"पाण्याचा वार हाय की ओ मॅडम आज इकडं.
पाच दिवसांनी येतंय. आया गेल्या
विड्या द्यायला कारखान्यावर,
मग नळापाशी कोण थांबणार?
मी काय करते, चाचणी कोरड्या दिवशी ठेवते.
गणित तर कोरड्याच दिवशी.
पाण्याच्या दिवशी पाढे, दुपारनंतर,
येतील तेवढ्यांचे."
"हे कुणी सांगितलं तुम्हांला?"
"सांगतंय कोण?" म्हणाल्या,
आणि दारातून घुसलेल्या ओल्या बाहीच्या पोराला
तेलुगूत काहीतरी रागावल्या,
म्हणजे बहुधा बस म्हणाल्या.
अशा नऊ वह्या होत्या, खडूच्या खोक्यामागे.

इथे मागाचा दाखला द्यायचा मोह होतो.
उभा धागा, आडवा धागा, तुटला की गाठ.
सोलापूरच्या माणसानं दिला की टाळ्याही पडतात.
नाही देत. माझे वडील मागावरच होते,
त्यांना मागात पगाराखेरीज कधी काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या ग्रंथालयात
माझाच प्रबंध मागवला. पान एकशे बारा.
'अनियमित उपस्थितीचे प्रमुख कारण :
पालकांची उदासीनता.'
तीनशे चाळीस प्रश्नावल्या,
टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत.
पाण्याचा प्रश्नच नव्हता त्यांत.

आणि चौथीत मी स्वतः,
फ्रॉक कमरेपर्यंत भिजलेला,
उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर अंगठे धरून.
आई उदासीन नव्हती.
आई नळावर भांडत होती, तिसऱ्या घागरीसाठी.
हे मला माहीत होतं.
माहीत असून मी एकशे बारावं पान लिहिलं,
एकवीस तुकड्यांना शिकवलं,
त्यांनी पेपरात जसंच्या तसं उतरवलं
आणि मी गुण दिले. पैकीच्या पैकी.

पेन्सिल काढून समासात लिहिलं : पाणी.

"मॅडम, पुस्तकावर लिहू नये," सोमलिंगमामा मागून.
"माझंच आहे हो."
"असू द्या. आता ग्रंथालयाचं आहे."
वीस रुपये दंड. कार्बन घालून पावती फाडली,
कारणापुढे सावकाश लिहिलं :
'पुस्तकात मजकूर वाढविल्याबद्दल.'

तीच जोडते आहे पुराव्यादाखल.
गुण किती, ते समितीनं ठरवावं.

म्याकलबाईंना फोन केला,
म्हटलं, पुन्हा यायचंय, सूची न घेता,
मागच्या बाकावर बसेन.
पलीकडे पानं चाळल्याचा आवाज.
"गुरुवारी या," म्हणाल्या.
"गुरुवार कोरडा आहे."